सात महिने साम्य-तपासणी सॉफ्टवेअर वापरल्यावर

खानापूरच्या जांभ्या मातीवरचा माझा पेपर समीक्षकांपर्यंत पोचलाच नाही. संपादकांनीच परत पाठवला: आधीच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, म्हणजे साम्य, 34 टक्के. तेव्हापासून कॉलेजच्या लायब्ररीतून मिळणारं तपासणी सॉफ्टवेअर वापरतोय.

आधी गाढवपणा केला तो सांगतो. शब्द बदलून देणाऱ्या एका फुकट साइटवर रातोरात सगळा पेपर घातला. आकडा 11 वर आला खरा, पण 'लिक्विड लिमिट' (माती ओघळू लागते ती पाण्याच्या प्रमाणाची मर्यादा) या ठरलेल्या संज्ञेचं 'फ्लुइड बाउंडरी' झालं होतं! गाईडसर म्हणाले, "आकडा काय बघालास? कुठनं जुळलंय ते बघ."

काय कुठनं जुळलं याची रिपोर्टमधली यादी हीच या सॉफ्टवेअरची खरी किंमत. सगळ्यात मोठा वाटा निघाला शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या माझ्याच प्रबंधाचा. त्याखालोखाल प्रयोगपद्धती. आयएस 2720 या माती-चाचणीच्या भारतीय मानकाप्रमाणे 2.6 किलोचा रॅमर (माती ठोकून दाबायचं वजन), 310 मिमी उंचीवरून, तीन थर, थराला 25 ठोके. हे निराळं लिहायचं तरी कसं? मानकाचा क्रमांक देऊन परिच्छेद तीन ओळींत आटोपला, प्रबंधाचा संदर्भ उघड दिला. पूर्वसंशोधनाचा भाग मात्र मुळापासून लिहिला. तिथं मी खरोखरच याची दोन वाक्यं, त्याची दोन, अशी गोधडी शिवली होती.

संदर्भसूची वगळायची खूण आपणच करावी लागते. मी केलीच नव्हती. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत संदर्भसूची आणि सलग 14 शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरत नाहीत, 10 टक्क्यांपर्यंत दंडही नाही. जर्नलची मर्यादा मात्र ज्याची त्याची.

सगळ्यात मोठा धोका: मसुदा साठवू नये हा पर्याय आधी निवडा. मी विसरलो. दुसऱ्या तपासणीत साम्य 91 टक्के, कुणाशी? माझ्याच आदल्या मसुद्याशी! लायब्ररीमार्फत तो सॉफ्टवेअरच्या साठ्यातून काढून घेण्यात नऊ दिवस गेले.

मराठीसाठी फारसा भरवसा ठेवू नका. बहिणीचा लेख जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये होता; साम्य शून्य. ती खूश. सॉफ्टवेअरला त्यात मराठी दिसलीच नव्हती, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

शेवटी 9 टक्क्यांवर, काय काय बदललं त्याचं पत्र जोडून, नवा पेपर म्हणून पाठवला. यंदा समीक्षकांकडे गेला. एकानं विचारलंय, नमुने फक्त पावसाआधीचेच का घेतले?