राइडिंग मॉवर स्टार्ट होत नाही: मल्टीमीटर की टेस्ट लॅम्प?

राइडिंग मॉवरची, म्हणजे बसून चालवायच्या गवत कापणाऱ्या यंत्राची, किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक’ होत असेल, तर व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर. रात्रभर उभ्या मॉवरच्या चांगल्या बॅटरीला 12.6 व्होल्ट दिसतात; 12 च्या आसपास असतील तर आधी चार्ज करा. मग स्पार्क प्लगची वायर काढून अर्थ करा (इंजिनच्या धातूला जोडा) आणि मीटर बॅटरीवरच ठेवून स्टार्टर मारा. व्होल्टेज 9.6 च्या खाली कोसळलं, तर बहुधा बॅटरीच गेली. टेस्ट लॅम्प म्हणजे चिमटा आणि टोकदार टोक असलेला तपासणीचा दिवा; त्याला 12.6 आणि 11.8 मधला फरक कळत नाही.

‘टक’सुद्धा होत नसेल तर मात्र आम्ही लॅम्पच घेऊ, तोही साधा बल्बवाला, एलईडीचा नको. वायरची एकच तार शाबूत असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. बल्ब ओढतो, म्हणून हिरवट गंजलेला जोड लगेच उघडा पडतो.

लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या निगेटिव्हला, टोक सोलेनॉइडच्या (बॅटरीचा करंट स्टार्टरला सोडणाऱ्या स्विचच्या) बारीक वायरवर. ब्रेक दाबा, पात्याचा स्विच बंद ठेवा, किल्ली स्टार्टवर. लख्ख पेटला तर सोलेनॉइड किंवा त्याची अर्थिंग तपासा. मंद पेटला तर जोड घासा. पेटलाच नाही तर फ्यूज, किल्ली, ब्रेक आणि पात्याचा स्विच असं मागे जा. फ्यूएल इंजेक्शनच्या कंट्रोलरच्या वायरींना मात्र बल्ब लावू नका.