स्पिती की लडाख : खडक पाहायला आधी कुठे जावे?

जून ते सप्टेंबरमधले दहा-बारा दिवस हाताशी आहेत, हिमालय कसा घडला हे प्रत्यक्ष खडकांत पाहायचे आहे, आणि स्पिती किंवा लडाख यांपैकी एकच जमणार आहे, अशांसाठी हा आढावा आहे. दोन्ही प्रदेश कोरडे आणि उघडेबोडके. माती नाही, झाडोरा नाही, त्यामुळे समोरच्या कड्यातले थर रस्त्यावरूनही नुसत्या डोळ्यांनी मोजता येतात. साम्य इथेच संपते.

स्पितीत एका समुद्राची गोष्ट आहे. भारताच्या उत्तर काठावरच्या टेथिस समुद्रात कॅम्ब्रियनपासून क्रिटेशसपर्यंतच्या भूशास्त्रीय काळांत, म्हणजे सुमारे चाळीस कोटी वर्षे, गाळ साचत गेला. मध्ये खंड पडले, पुढे थरांना वळ्या पडल्या, तरी क्रम टिकून राहिला. लडाखमध्ये तोच समुद्र मिटल्यावर जे उरले ते आहे: भारताचा काठ, समुद्रतळाचे तुकडे, ज्वालामुखी बेटांचे अवशेष आणि जमिनीखाली थिजलेला ग्रॅनाइट. हे सगळे सिंधूच्या आसपास एका अरुंद पट्ट्यात एकमेकांना खेटून उभे आहे.

सह्याद्रीच्या आडव्या बेसाल्टवर नजर तयार झालेल्याने आधी स्पितीलाच जावे, असे आमचे ठाम मत आहे. लडाखमध्ये दर वीस किलोमीटरला खडकाचे मूळ बदलते. भारताच्या काठावरचा नेहमीचा गाळ कसा दिसतो हे आधी पाहिलेले नसेल, तर त्यातला कोणता तुकडा भारताचा आणि कोणता परका हे ओळखता येत नाही. मग सहल नुसती रंगीत डोंगरांच्या फोटोंची होते.

स्पितीत नेमके काय पाहायचे

तीन दिवस पिन खोऱ्याला द्या. स्पितीतले मुख्य गाव काझा; तिथून मूद गाव सुमारे ५० किलोमीटर. अटारगूच्या पुलाशी मुख्य रस्ता सोडायचा. वाटेत गुलिंगजवळ पर्मियन आणि ट्रायसिक काळांमधली सीमा उघडी पडली आहे. २५.२ कोटी वर्षांपूर्वी समुद्रातली बहुतेक जीवसृष्टी नष्ट झाली, ती ही रेघ. खाली गुंगरी नावाच्या थरांतली काळी शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक), तिच्यावर जेमतेम काही सेंटिमीटर जाडीचा गंजाच्या रंगाचा लोहयुक्त थर, आणि लगेच पातळ थरांचा राखाडी चुनखडक. बहुतेक जण ही सीमा घसाऱ्यात, म्हणजे उतारावर घसरून साचलेल्या दगडमातीत, शोधतात आणि फसतात, कारण वरून ओघळलेला गंज उतारावर कुठेही डाग पाडतो. ओढ्याने कापलेली ताजी बाजू गाठा. खालून वर चढत दर वीतभर अंतरावर पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा (कृती पुढे साहित्यात) एक थेंब टाका. काळी शेल गप्प राहते, चुनखडक फसफसतो. जिथे फसफस सुरू होते त्याच्या जरा खाली ती रेघ असते.

मूदला पोहोचल्यावर पांढराशुभ्र पट्टा दिसतो तो डेव्होनियन काळातला मूथ क्वार्टझाइट, म्हणजे वाळूपासून झालेला टणक खडक. या गावावरूनच त्याला नाव मिळाले आहे. दुरून तो फिकट चुनखडकासारखा वाटतो, पण चाकूचे पाते त्यावर ओरखडा पाडू शकत नाही आणि आम्लाला तो दाद देत नाही. गावाजवळचा ट्रायसिक थरांचा छेद ट्रायसिकमधल्या इंड्युअन आणि ओलेनेकियन या टप्प्यांच्या सीमेसाठी जागतिक मानक म्हणून प्रस्तावित झालेला आहे. त्यामुळे तिथे हातोडा काढूच नये. पायात भरपूर बळ असेल तर पाराहिओ खोऱ्यात कॅम्ब्रियन थर आहेत, ट्रायलोबाइट (नामशेष झालेले, खंडित कवचाचे समुद्री जीव) असलेले. तिथे पायीच जावे लागते, आणि पहिल्या खेपेला तो हट्ट धरू नका.

मग लांगझा, सुमारे ४,४०० मीटरवर. इथे क्रम सोपा आहे: खाली कडे करून उभा असलेला किओटो चुनखडक, त्यावर काळी मऊ स्पिती शेल, तिच्यावर ग्युमालचा वालुकाश्म. शेल झिजते तसे तिच्यातले टणक गोळे सुटे होतात आणि काही गोळ्यांत अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाच्या समुद्री जीवाचा जीवाश्म, असतो. आपल्या देवघरातले शाळिग्राम नेपाळच्या काली गंडकीतून येतात. तेही याच प्रकारच्या जुरासिक शेलमधले अमोनाइट आहेत, हे लांगझाच्या उतारावर उभे राहिल्यावर पटते. तिथली मुले हे गोळे विकायला आणतात. घेऊ नका, आणि स्वतःही उचलू नका. थरापासून सुटलेल्या जीवाश्मावरून काळ सांगता येत नाही आणि गावाचा ठेवा मात्र कमी होतो. फोटो काढताना शेजारी नाणे ठेवा आणि जागेचे अक्षांश-रेखांश टिपा, एवढे पुरेसे आहे.

एक धोका लक्षात ठेवा. वळ्यांमुळे काही ठिकाणी थर उलटे झालेले असतात, जुना वर आणि नवा खाली. वालुकाश्मात लाटांच्या खुणा दिसल्या तर त्यांची टोकदार बाजू कुठे वळली आहे ते पाहा. साचताना ती वर असते. ती खाली असेल तर थर उलटला आहे.

किन्नौरच्या बाजूने येणाऱ्यांनी सुमदोच्या आसपास रस्त्याकडेची पिवळसर माती पाहायला थांबावे. नदी अडून तयार झालेल्या जुन्या तलावांचा हा गाळ. त्यातले काही थर मुरडलेले आणि वरखालचे सपाट आहेत. ओला गाळ भूकंपात हादरला की असे होते. १९ जानेवारी १९७५ चा ६.८ तीव्रतेचा किन्नौर भूकंप इथल्याच कौरिक-चांगो विभंगाच्या (जमिनीतल्या मोठ्या भेगेच्या) परिसरातला.

लडाखमध्ये काय मिळते

लेह शहरामागचे फिकट डोंगर लडाख बॅथोलिथचे, म्हणजे जमिनीखाली थिजलेल्या शिलारसाच्या प्रचंड राशीचे: ग्रॅनाइट आणि त्याच्या जवळचे खडक, ढोबळमानाने ७ ते ४.५ कोटी वर्षांपूर्वी थिजलेले. दख्खनवर लाव्हा पसरत होता (६.६ कोटी वर्षे), तेव्हा हजारो किलोमीटर उत्तरेला बुडणाऱ्या समुद्रतळामुळे हा शिलारस तयार होत होता. त्यातले गडद, काळपट गोळे शोधा. दोन वेगळे शिलारस मिसळल्याची ती खूण.

उपशीपासून मिरू-ग्यापर्यंतचा रस्ता हा लडाखमधला आमच्या मते सर्वांत शिकवणारा टप्पा. लाल, हिरवे, जांभळे थर जवळजवळ उभे झालेले, त्यांत गुंडाश्म, म्हणजे गोलसर गोटे चिकटून झालेला खडक. एका जागी पन्नास गोटे मोजा: ग्रॅनाइटचे किती, चुनखडकाचे किती, ज्वालामुखी खडकाचे किती. ग्रॅनाइटचे गोटे सापडले, म्हणजे हा गाळ साचेपर्यंत बॅथोलिथ उघडा पडून झिजू लागला होता. पुढची अनुमाने या मोजणीतूनच निघतात.

लामायुरूच्या 'मूनलँड'चे फोटो सगळे काढतात, पण ती पिवळी माती म्हणजे जुन्या तलावाचा गाळ, त्या दृश्यातली सर्वांत तरुण वस्तू. तिच्या मागचे काळपट, चुरगळलेले थर खोल समुद्रातले आहेत आणि खरे महत्त्व त्यांना आहे. निम्मूजवळच्या 'मॅग्नेटिक हिल'वर वेळ घालवू नका. तो उताराचा दृष्टिभ्रम आहे. त्याऐवजी झंस्कार नदीच्या काठाने चिलिंगकडे वळा. तिथे समुद्रतळाचे तुकडे आहेत, हिरवा, साबणासारखा गुळगुळीत सर्पेंटिनाइट त्यांतलाच. त्यात मॅग्नेटाइट असल्याने होकायंत्र भरकटते. खडकावर टेकवून घेतलेले वाचन धरू नका; काही पावले मागे सरून दुरून दिशा घ्या आणि दोन जागांवरून पडताळा.

पूगा खोरे आणि त्सो मोरीरी तलाव हा लडाखचा कळस. इथल्या नाइस या पट्टेदार रूपांतरित खडकात गडद, जड एक्लोगाइटचे (खोलवरच्या दाबाने झालेल्या खडकाचे) ढेकळासारखे तुकडे आहेत, आत लालसर गार्नेट हे खनिज. भारताचा काठ ९० किलोमीटरहून खोल दाबला गेला आणि परत वर आला याचा पुरावा याच खडकांत कोएसाइट या प्रचंड दाबाखालीच तयार होणाऱ्या खनिजाच्या रूपाने मिळाला. कोएसाइट मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही, गार्नेटवर समाधान मानावे लागते. पूगाच्या उष्ण झऱ्यांजवळ पांढऱ्या क्षारांच्या पापुद्र्यावर पाय देऊ नका. खाली उकळता चिखल असतो. एवढ्या उंचीवर पाणी सुमारे ८४ अंशांनाच उकळते, पण पाय भाजायला तेवढे पुरते.

उंची, रस्ता, परवाने

निर्णय अनेकदा इथेच होतो. शिमला मार्गाने स्पितीला गेल्यास शरीर हळूहळू सरावते: शिमला २,२०० मीटर, कल्पा २,९००, नाको ३,६०० आणि मग काझा. मनालीहून एका दिवसात ४,५५० मीटरची कुंझुम खिंड ओलांडून पोहोचणाऱ्यांना डोकेदुखी आणि उलट्या होतात. म्हणून जाताना शिमला, येताना मनाली. कुंझुम साधारण जून ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच उघडी असते.

लेहला विमान थेट ३,५०० मीटरवर उतरवते. पहिले दोन दिवस खडक नाही, चढ नाही, नुसती विश्रांती. ही विश्रांती टाळून लगेच त्सो मोरीरीला, ४,५०० मीटरवर मुक्कामाला जाणे हे लडाखमधल्या बिघडलेल्या सहलींचे मोठे कारण. त्यामुळे एकूण सात दिवस असतील तर परतीचा दिवस वगळून लडाखमध्ये कामाचे चारच उरतात. तरीही तेवढ्याच सुट्टीत स्पिती रस्त्याने नीट होत नाही, तेव्हा सात दिवसवाल्यांनी लेह-उपशी-लामायुरू एवढेच करावे.

स्पितीसाठी भारतीयांना परवाना लागत नाही. त्सो मोरीरी आणि न्योमाच्या बाजूला इनर लाइन परवाना (सीमेजवळच्या भागात जाण्याची परवानगी) लागतो का, हे निघण्याआधी तपासा. लागत असेल तर त्याच्या चार-पाच झेरॉक्स जवळ ठेवा. बाहेरचे प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन बाळगणे दोन्हीकडे गुन्हा आहे.

साहित्यात दहापट भिंग, चाकू, कोनमापक असलेले होकायंत्र आणि संरक्षक चष्मा. आम्लासाठी ३५-३७ टक्क्यांच्या हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक भाग तीन भाग पाण्यात घालावा, आम्ल पाण्यात, उलटे कधीही नाही. ड्रॉपर असलेल्या प्लास्टिक बाटलीत ५० मिलिलिटर पुरते. विमानात ते नेता येत नाही. लेहला जाणाऱ्यांनी बाजारातून व्हिनेगर घ्यावे आणि चाकूने दगडाची भुकटी करून त्यावर टाकावे. फसफस मंद होते, पण कळते.

हिमनदी हवीच असेल तर

स्पितीच्या खोऱ्यात रस्त्यालगत मोठी हिमनदी दिसत नाही. मनालीकडे परतताना बातल ते ग्रामफू या चंद्रा खोऱ्यात मात्र हिमोढांचे (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचे) ढीग, घासून गुळगुळीत झालेले कातळ आणि बर्फाने आणून टाकलेले घरभर आकाराचे दगड रस्त्याकडेलाच आहेत. छोटा शिग्री आणि सुत्री ढाका या अभ्यासातल्या हिमनद्या याच खोऱ्यात. सुत्री ढाकाजवळचे 'हिमांश' केंद्र गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राचे. लडाखकडून जाणाऱ्यांना सुमारे २३ किलोमीटर लांबीची द्रांग-द्रुंग हिमनदी पेन्सी ला खिंडीतून गाडीतून उतरताच समोर दिसते, पण त्यासाठी कारगिलमार्गे झंस्कारचे तीन दिवस वेगळे काढावे लागतात. खिंडीतून पाहताना दुर्बीण हिमनदीच्या तोंडाशी लावा. आधी तिथला तलाव पाहा, मग दोन्ही कडांवरचे मोकळे हिमोढ किती उंचीपर्यंत गेले आहेत ते पाहा. बर्फाची पूर्वीची जाडी त्या रेघेवरून कळते.