कोलंबस, ओहायो: घरी येऊन लॉन ट्रॅक्टर रिपेअर करणारी सर्व्हिस, बोलवाच

गवत कापायचा ट्रॅक्टर ऐन सीझनच्या तोंडावर स्टार्ट होत नसेल तर डीलरकडे न्यायच्या आधी आपल्या भागात घरी येऊन काम करणारं कोणी आहे का ते नक्की बघा. मी लिहितोय ते कोलंबसच्या उत्तरेला डेलावेअर काउंटीत फिरणाऱ्या अशाच एका सर्व्हिसबद्दल. वयस्कर अमेरिकन काका आहेत, स्वतःची व्हॅन, एकटेच काम करतात, आणि काम असं की बघत राहावं.

प्रॉब्लेम असा होता की चावी फिरवली की सेल्फ (म्हणजे स्टार्टर) अर्धा फेरा घ्यायचा आणि जागीच अडकायचा, परत फिरवली की कधी सुटायचा कधी नाही. सिंगल सिलिंडर ओएचव्ही (वाल्व वरच्या बाजूला असलेलं) इंजिन आहे, इकडे एकरभर प्लॉट असणाऱ्या बऱ्याच जणांकडे असंच असतं. डीलरने फोनवरच, मशीन न बघता, बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही बदलावे लागतील म्हणून सांगितलं, वर न्यायचे-आणायचे पैसे वेगळे आणि एप्रिलमध्ये नंबर लागायला कित्येक आठवडे, तोपर्यंत इथलं गवत कुठल्या कुठे जातं ते इकडे राहणाऱ्यांना सांगायला नको.

काकांनी आल्या आल्या मल्टिमीटर काढला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. पण तेवढ्यावर थांबले नाहीत, मला चावी फिरवायला लावून सेल्फ मारताना व्होल्टेज किती पडतं ते बघितलं, साधारण साडेनऊच्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय घ्यायचा, तसं काही झालं नाही. मग सोलेनॉइडच्या (स्टार्टरला करंट सोडणारा स्विच) दोन्ही बाजू तपासल्या, अर्थिंगची केबल चेसिसला लागते तिथला थोडा गंज घासून काढला. आणि मग जे केलं ते मला सगळ्यात आवडलं: स्पार्क प्लग काढला, प्लगची वायर नीट अर्थ केली आणि परत सेल्फ मारला. इंजिन भिंगरीसारखं फिरायला लागलं! प्लग नाही म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) नाही, म्हणजे बॅटरी चांगली, स्टार्टर पण चांगला, अडकतंय ते कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला. नवीन स्टार्टरचा खर्च तिथल्या तिथे वाचला.

अशा बऱ्याच इंजिनांत कॅमशाफ्टवर एक छोटी यंत्रणा असते, इंजिन हळू फिरत असताना ती कॉम्प्रेशनच्या वेळी एक वाल्व किंचित उचलून धरते म्हणजे सेल्फवर लोड कमी येतो, आणि इंजिनाने स्पीड पकडला की ती आपोआप बाजूला होते. टॅपेटची गॅप (वाल्व आणि तो दाबणाऱ्या रॉकरमधली फट) वाढली की हे एवढंसं उचलणं वाल्वपर्यंत पोचतच नाही, सगळं कॉम्प्रेशन सेल्फवर येतं आणि लक्षण अगदी बॅटरी उतरल्यासारखं दिसतं. काकांनी इंजिन थंड असतानाच वरचं कव्हर खोललं, पिस्टन टीडीसीच्या (पिस्टनची सगळ्यात वरची जागा) पाव इंच पुढे आणला आणि फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून दाखवलं, गॅप चांगलीच वाढलेली. मग इनटेक ०.००३ ते ०.००५ इंच आणि एक्झॉस्ट ०.००५ ते ०.००७ इंच असं सेट केलं. हे आकडे माझ्या इंजिनाचे आहेत, तुमचे तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. कव्हर लावलं, चावी फिरवली, पहिल्या झटक्यात स्टार्ट.

मी विचारलं म्हणून पेट्रोलचं पण समजावून सांगितलं, घाई अजिबात नाही. इंजिन मस्त गरगर फिरतंय पण पकडत नाही, तर टॅपेटच्या मागे लागायचं नाही. आधी बघायचं की पेट्रोल मागच्या सीझनचं आहे का (इथे बहुतेक पंपांवर १० टक्के इथेनॉलवालं मिळतं, ते ओलावा ओढतं), चोकचा पडदा पूर्ण बंद होतोय का, चावी ऑन केल्यावर कार्बोरेटरच्या सोलेनॉइडचा (हा वेगळा, पेट्रोल चालू-बंद करणारा) टक् आवाज येतो का, आणि प्लगला करंट येतोय का. आणि सेल्फ अजिबातच फिरत नसेल तर आधी ब्रेकचा सेफ्टी स्विच (ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा) बघायचा.

आता जे खटकलं ते. काका फोन उचलत नाहीत, मेसेजच करावा लागतो आणि उत्तर रात्री उशिरा येतं. कार्ड चालत नाही, कॅश नाहीतर चेक. कव्हरचं गॅस्केट व्हॅनमध्ये नव्हतं, त्यामुळे जुनंच परत बसवलं, हे मला पटलं नाही, टॅपेटचं काम सारखंच करतात तर दोन-चार गॅस्केट जवळ हवीतच. नंतर तेल झिरपायला लागलं तर परत येऊन फुकट बदलून देईन म्हणाले, पण बिलावर तसं लिहिलेलं नाही. तपासणीचे पैसे मात्र कामाच्या बिलातून वजा करतात, आणि एकूण खर्च नुसत्या नवीन स्टार्टरच्या किमतीपेक्षा कमी आला.

बोलावणार असाल तर फेब्रुवारी-मार्चमध्येच मेसेज टाका, आणि सोबत इंजिनावर ठोकलेल्या मॉडेल नंबरचा फोटो पाठवा. सीटखाली असतो तो ट्रॅक्टरचा नंबर, त्यावरून गॅस्केट मागवता येत नाही.