‘डिलिशियस इन डंजन’ की ‘मेड इन अ‍ॅबिस’: श्वापदं बघायची असतील तर आधी काय बघाल?

मॉन्स्टर काय खातो, कुठे निजतो, अंडी कुठे ठेवतो हे कळेल अशी साहसी अ‍ॅनिमे (जपानी अ‍ॅनिमेशन मालिका) सांगा, असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडी दोनच नावं येतात: ‘डिलिशियस इन डंजन’ आणि ‘मेड इन अ‍ॅबिस’. दोन्हींच्या कथा तुमच्या कानावर असतील, म्हणून त्यात शिरत नाही. एकीत ड्रॅगनने गिळलेल्या बहिणीला सोडवायला निघालेला भाऊ आणि त्याचे सोबती डंजनच्या, म्हणजे जमिनीखालच्या भुलभुलैयाच्या, एकेक मजल्याने खाली उतरतात, दुसरीत दोन मुलं एका अफाट विवरात उतरतात. वाट दोन्हीकडे खालीच जाते. आधी कुठल्या वाटेने जावं, एवढाच प्रश्न.

‘राक्षस’ हा शब्द मी मुद्दाम टाळतोय. आपल्याकडच्या राक्षसाला नाव असतं, कूळ असतं, कुणीतरी दिलेला वर असतो आणि त्याच्या मरणालाही कारण असतं. या दोन मालिकांतले मॉन्स्टर तसे नाहीत. त्यांना कुणाशी वैर नाही. त्यांना भूक आहे, हद्द आहे, पिल्लं आहेत. म्हणून ‘श्वापद’ हाच शब्द मला जवळचा वाटतो.

माझी तुलना कशी झाली तेही सांगतो. मला लहानपणापासून प्राण्यांची चित्रं काढायची सवय आहे. मालिका बघताना मी एक वही जवळ ठेवतो आणि भाग संपला की त्यात दिसलेलं श्वापद आठवणीने काढतो, पुन्हा मागे जाऊन न बघता. पाय किती, सांधे कुठे, तोंड कुठल्या बाजूला उघडतं. या दोन मालिकांच्या दोन वह्या झाल्या आणि माझं मत त्या वह्यांनीच बनवलं. दुसऱ्या कुणाच्या वहीत वेगळं काही उतरेल, हे मला मान्य आहे.

आधी ‘अ‍ॅबिस’. 2017 साली आलेला 13 भागांचा पहिला हंगाम, 2020 चा चित्रपट आणि 2022 चा दुसरा हंगाम, असा तिचा मी पाहिलेला पसारा आहे. विवराचे थर नुसते एकाखाली एक नाहीत, प्रत्येक थर म्हणजे स्वतंत्र अधिवास आहे. दुसऱ्यात झाडं उलटी वाढतात. तिसरा थर 2600 मीटरपासून 7000 मीटरपर्यंत जाणारा उभा कडा आहे आणि तिथले लहान जीव भिंतीतल्या बिळांत राहतात, कारण बाहेर उडणारे शिकारी फिरत असतात. चौथ्यात प्रचंड पेल्यांसारख्या वनस्पती आहेत आणि त्यांच्यात ऊबदार पाणी साठलेलं असतं. पार्श्वभूमीची चित्रं इतकी हिरवी आणि ओली आहेत की पहिल्या वेळी मी कथेपेक्षा पानंच जास्त बघत होतो. केव्हिन पेन्किनचं संगीत ऐकताना तर आपण माणसांच्या जगाबाहेर आलोय, हे अंगावर येतं.

तिथली श्वापदंही तशीच, माणसाशी काही देणंघेणं नसलेली. नाकीकाबाने नावाचा एक उडणारा शिकारी आहे, तो ज्याला खातो त्याच्या आवाजाची नक्कल करतो. जंगलातून ‘वाचवा’ अशी हाक येते आणि ती मारणारं तोंड चोचीचं असतं. (‘फ्रीरेन’ या दुसऱ्या मालिकेतही दैत्यांचे पूर्वज अंधारातून अशीच हाक देऊन माणसांना जवळ ओढत, असं सांगितलंय. भक्ष्याचीच भाषा शिकलेला शिकारी ही कल्पना मला दोन्हीकडे फार खरी वाटते.) चौथ्या थरात तामाउगाची आहे, साळिंदरासारखा काटेरी आणि विषारी. विवरभर पसरलेल्या शक्तिक्षेत्रातला फरक ओळखून तो समोरच्याची पुढची हालचाल आधीच हेरतो. एखाद्या लेखकाने श्वापदाला नवं इंद्रिय द्यावं आणि त्या इंद्रियावर त्याची सगळी शिकार उभी करावी, हे मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय.

आता ज्या त्रासाने माझा निर्णय झाला, त्याबद्दल.

पहिल्या हंगामाच्या दहाव्या भागात तामाउगाचीचा काटा रिकोच्या, म्हणजे त्या दोन मुलांतल्या मुलीच्या, हातात घुसतो. त्यानंतर जे होतं ते मालिका टाळत नाही. विष चढतं, हात सुजतो, वर नेण्याचा प्रयत्न केला तर चौथ्या थराचा शाप (विवरातून वर चढताना शरीराला होणारा त्रास) लागून अंगातून रक्त वाहू लागतं, आणि ती मुलगी स्वतःच आपला हात तोडायला सांगते. किंकाळ्या संपत नाहीत. मी तो भाग तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा मान वळवली. पहिल्या वेळी वाटलं, आपलंच मन हळवं आहे. दुसऱ्या वेळी वही उघडली तेव्हा लक्षात आलं की मला श्वापद आठवतच नाही. काट्यांचं एक वर्तुळ काढलं होतं आणि आतली जागा रिकामी होती. पाय कसे, डोळे आहेत की नाहीत, काही नाही. तिसऱ्या वेळी मी ठरवून त्याच्याकडे बघायला बसलो आणि तरीही नजर त्या हाताकडेच गेली.

‘अ‍ॅबिस’मध्ये श्वापद कळतं ते बहुतेक वेळा लहान मुलाच्या जखमेतून, आणि मुलाची जखम समोर असताना दुसरं काही बघणं मला जमत नाही. कुणाला जमत असेल. निसर्ग क्रूरच असतो, त्यामुळे हेच जास्त प्रामाणिक आहे, असं माझा एक मित्र म्हणतो आणि त्याचं म्हणणं मी खोडून काढू शकत नाही. पण मी तिथे तामाउगाची बघायला गेलो होतो आणि माझ्या वहीत तो आला नाही. पुढे चौथ्या थरात भेटणाऱ्या नानाची या पात्राच्या तोंडून त्याचं सगळं विज्ञान कळतं, तेही सुंदर आहे. तोवर माझ्या मनात मात्र तो प्राणी राहिलेला नव्हता, ती वेदना राहिली होती.

‘डंजन’ची वही याच्या उलट भरत गेली. र्‍योको कुई यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) 2014 ते 2023 या काळात चालली, 14 खंडांची. ट्रिगर स्टुडिओने तिची मालिका 2024 मध्ये आणली, 24 भागांची. वरवर बघता ही स्वयंपाकाची मालिका आहे: पैसे नाहीत, शिधा नाही, म्हणून वाटेत भेटेल तो मॉन्स्टर शिजवायचा. (रिकोही वाटेत भेटलेले प्राणी शिजवून खाते, पण तिथे जेवण म्हणजे क्षणभराची विश्रांती. इथे चौकशीच जेवणातून सुरू होते.) शिजवायचं म्हणजे कापावं लागतं, आणि कापायचं तर आत काय आहे हे माहीत असावं लागतं.

तिसरा भाग बघा. चालतं चिलखत हा साहसकथांमधला किती जुना प्रकार: रिकामं चिलखत, आत कुणी नाही, जादूने चालतं, पाडलं की संपलं. लाइओस, म्हणजे बहिणीला सोडवायला निघालेला तो भाऊ, मात्र त्याची हालचाल निरखतो. सगळी चिलखतं एकाच चिलखताला राखताहेत, आणि त्याच्या ढालीला काहीतरी चिकटलंय. ती अंड्यांची पिशवी निघते. म्हणजे ही जादू नव्हे, हा प्राणी आहे. पत्र्यांच्या आत शिंपल्यातल्या जीवासारखे मऊ जीव आहेत, एकमेकांना धरून बसलेले, आणि त्या सगळ्यांच्या मिळून चालण्याला आपण चिलखत म्हणतो.

माझं आजोळ समुद्रकाठी. ओहोटीला खडकावरची कालवं फोडायला मावशीबरोबर मी कैक वेळा गेलोय. बाहेरून दगडच वाटतो, कोयतीचं टोक नेमक्या जागी बसलं की आत ओला, जिवंत गोळा. तो भाग बघताना मला ती फट आठवली. भाग संपल्यावर मी एका बैठकीत चिलखताचा उभा छेद काढला: खांदा कुठे जुळतो, गुडघ्याशी कुणाचं टोक कुणाला धरतं. एकही रेघ अडली नाही. वर्षानुवर्षं पाहिलेली वस्तू पहिल्यांदाच मला जिवंत दिसली होती.

असं पुढेही होत राहतं. स्लाइम या लिबलिबीत श्वापदाची रचना पोट उलटं करून बाहेर काढल्यासारखी आहे, हे एकदा कळलं की तो अंगावर पडला तर काय होईल ते वेगळं सांगावं लागत नाही. खजिन्याच्या पेटीचं सोंग घेणारा मिमिक पेटीत राहतो तो शंखात राहणाऱ्या खेकड्यासारखा. गोलेम या मातीच्या चालत्या पुतळ्याच्या पाठीवर लाइओसचा सोबती, स्वयंपाकी सेन्शी, भाजी पिकवतो. क्राकेन या प्रचंड जलचराच्या अंगात अवाढव्य परजीवी निघतो, लाइओस तो कच्चाच चाखतो, आणि त्या परजीवीतल्या परजीवीने त्याचं पोट बिघडतं. अन्नसाखळीची अशी एक जास्तीची कडी दाखवायला किती प्रेम लागतं!

शिवाय इथे ज्ञान एकाच माणसाकडे नाही, हे मला फार आवडतं. सोबत्यांपैकी जादूगार मार्सिलकडे ग्रंथ आहेत, सेन्शीकडे कित्येक वर्षं तिथेच राहून कमावलेला हात, लाइओसकडे वेड आणि चिलचककडे सावधपणा. मँड्रेक, म्हणजे उपटलं की किंचाळणारं मूळ, उपटायचा कसा यावर मार्सिल आणि सेन्शी अडून बसतात. ती पुस्तकातली रीत धरते, तो ओरडायच्या आत त्याचं मुंडकं उडवतो. शेवटी कळतं की ओरडलेल्याची चव वेगळी लागते आणि सेन्शीही आपला हेका सोडून विचारात पडतो.

उणीव आहे, ती लपवत नाही. डंजनमध्ये मेलेल्याला परत उठवता येतं, त्यामुळे मृत्यूची धार बोथट होते. ‘अ‍ॅबिस’मध्ये पाय घसरला तर पोटात जो गोळा येतो तो इथे फारसा येत नाही. आणि बहुतेक सगळ्याचा उलगडा होतो. जे कधीच कळणार नाही त्याची हुरहुर हवी असेल, तर ती विवराच्या काठावरच मिळेल. निव्वळ दृश्य म्हणूनही ‘अ‍ॅबिस’ मला उजवी वाटते.

तरी कुणी विचारलं तर मी आधी ‘डंजन’ सुचवतो. घरात मुलं शेजारी बसत असतील तर विचार करायचंही कारण नाही. लाल ड्रॅगननंतर तिथेही रक्त येतं, ते मात्र मोठ्यांनी आधी बघून ठरवावं. पहिल्या दोन भागांत हे नुसतं विनोदी आहे असं वाटलं तर तिसऱ्यापर्यंत थांबा. तिथे नाही रमलात तर ही मालिका बहुधा तुमच्यासाठी नाही.

त्यानंतर ‘अ‍ॅबिस’ जरूर बघा, सलग नको, दोन-तीन बैठकांत. आणि दहाव्या भागात तामाउगाची पहिल्यांदा समोर आला की तिथेच चित्र थांबवून त्याचे पाय, त्याचे काटे, तो कसा उभा राहतो ते नीट बघून घ्या. त्यानंतर त्याच्याकडे बघायला सवड मिळत नाही.