दोन मीटरचा फोम ग्लायडर : आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

ऑक्टोबरमधे घेतला होता, आता जून उजाडलाय, पश्चिमेचा वारा इतका सुटलाय की पुढचे दोन-तीन महिने ग्लायडर कपाटावरच राहणार, तर म्हटलं बसून सगळं लिहून काढू. ज्यांना रिमोटचं विमान घ्यायचंय पण नक्की काय घ्यावं कळत नाहीये त्यांना उपयोग होईल.

माझा आहे तो पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन मीटरचा, ईपीओ नावाच्या चिवट फोमचा, नाकावर मोटर आणि मिटणारा प्रॉप, म्हणजे प्रोपेलर. डावं-उजवं वळवणारा रडर, नाक वर-खाली करणारा एलेव्हेटर आणि मोटर एवढेच तीन चॅनल, एलेरॉन म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलणाऱ्या पट्ट्या नाहीत. बॅटरीसकट वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९१० ग्रॅम भरलं. विमान साधारण सतरा हजाराला पडलं, रेडिओ (म्हणजे हातातला रिमोट), दोन बॅटऱ्या आणि चार्जर धरून सगळा खर्च अठ्ठावीस हजाराच्या आसपास गेला. ब्रँड लिहीत नाही, कारण या मापाची फोमची मॉडेलं उडायला बरीचशी सारखी असतात आणि मला जे सांगायचंय ते ब्रँडपेक्षा वेगळं आहे.

मी लहान असताना आबा भाजी घेऊन टेंपोने हडपसरला यायचे आणि सुट्टीत मी मागे लागून बरोबर यायचे. तिथल्या ग्लायडिंग सेंटरवरून खरे ग्लायडर उडायचे, विंचने दोर ओढायचा आणि तो लांब पंखांचा ग्लायडर पतंगासारखा सरळ वर चढायचा, मग दोर सुटला की एकदम शांत. तो शांतपणा माझ्या डोक्यात तीस वर्षं राहिलाय. म्हणून ड्रोन घे, ड्रोन घे असं घरच्यांनी कितीही सांगितलं तरी मला ग्लायडरच हवा होता.

आता राहते हडपसरलाच, पण इथे उडवायचा प्रश्नच नाही, एक तर मोकळी जागा उरली नाही आणि दुसरं म्हणजे लोहगाव विमानतळ जवळ. ड्रोनचे २०२१ चे नियम आपल्यालाही लागू होतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत म्हणजे मायक्रो गटात येतो, हौसेसाठी या गटात पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, पण जागा डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी वेबसाइटच्या नकाशावर बघूनच ठरवायची आणि ग्रीन झोनमधेसुद्धा, म्हणजे जिथे आधी परवानगी लागत नाही तिथेही, ४०० फूट म्हणजे १२० मीटरच्या वर जायचं नाही, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात तर २०० फूटच. नोंदणीचं काय ते घ्यायच्या आधीच बघून ठेवा. मी दर रविवारी दिवेघाट चढून सासवडच्या पलीकडे माहेरी जाते, तिथे ज्वारी-बाजरी निघाली की रानं मोकळी असतात आणि माणूस फिरकत नाही.

पहिले दोन महिने मी हा ग्लायडर चुकीचा वापरला, हे मुद्दाम लिहितेय कारण नवीन घेणारे बहुतेक जण हेच करत असणार. मोटर आहे ना, मग खाली यायला लागला की मोटर चालू, परत वर, परत चालू. वीस मिनिटं उडायचा आणि मला वाटायचं छान चाललंय. उडवायला अवघड नाहीच, पंखांची टोकं वर उचललेली असल्यामुळे रेडिओवरची काठी सोडली की आपोआप सरळ होतो. आधी तीन आठवडे कॉम्प्युटरवरच्या सिम्युलेटरवर हात बसवला होता त्याचा फार फायदा झाला, विशेषतः विमान आपल्याकडे तोंड करून येताना डावं-उजवं उलटं होतं तेव्हा. तिथे एकच लक्षात ठेवायचं, जो पंख खाली गेलाय त्याच बाजूला काठी न्यायची, म्हणजे त्या पंखाला खालून टेकू दिल्यासारखं, बाकी विचार करत बसायचं नाही.

त्याच काळात एकदा वाऱ्याच्या दिशेने लांब जाऊ दिला आणि परत येईना. मोटर पूर्ण दिली तरी जागेवरच, मग बॅटरी उतरली आणि तो शेजारच्या अंजिराच्या बागेत गेला. पंखाच्या पुढच्या कडेला बोटभर खाच पडली, पण मला जास्त काळजी झाडांची होती, फळं धरलेली होती. बागवाल्या काकांनी स्वतः फांदी वाकवून काढून दिला आणि म्हणाले, "पुढच्या बारीला वरच्या अंगाला उडव, वारं तिकडनं येतंय." बरोबर होतं त्यांचं. ग्लायडर कायम आपल्यापासून वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवायचा म्हणजे परत येताना वाराच आणून सोडतो. तेव्हापासून आजपर्यंत एकदाही बागेत गेला नाही.

मग जानेवारीतली गोष्ट. मी आपली वर-खाली करत होते, आबा बांधावर बसलेले, त्यांचं विमानाकडे लक्षच नव्हतं. ते म्हणाले, "पोरी, तू मोटर लावती तवा घार तिकडं फिरतीय बघ. ती त्या नांगरटीवरनंच उठती. रोज. अकराच्या सुमाराला." मी बघितलं तर खरंच, शेजारचं वाटाण्याचं हिरवं, पाण्याखालचं रान आणि त्याला लागून काळी नांगरट, आणि बरोबर त्या नांगरटीच्या टोकावर घार पंख न हलवता गोल गोल वर चाललेली. आबांनी चाळीस वर्षं घारी बघितल्यात, कोंबडीच्या पिल्लांपायी का होईना, पण त्यांना कुठली घार कुठून उठते ते पाठ आहे. काळी सुकी माती तापते, शेजारचं ओलं रान थंड राहतं, मग तापलेली हवा तिथून सुटून वर जाते, यालाच थर्मल म्हणतात, हे मी आधी चार ठिकाणी वाचलेलं होतं पण रानात उभं राहून एकदाही शोधलं नव्हतं, कारण हाताशी मोटर होती.

त्या दिवसापासून मी स्वतःला एक नियम लावला. स्पर्धांमधे एफ५जे नावाचा प्रकार असतो, त्यात मोटर सुरुवातीला एकदाच, जास्तीत जास्त तीस सेकंद चालवता येते, मग दहा मिनिटं हवेत राहून ठरलेल्या जागी उतरायचं, आणि मोटर जितक्या जास्त उंचीवर बंद कराल तितके गुण कापले जातात. मी त्यातलं एवढंच घेतलं की साठ मीटरवर मोटर बंद, मग खाली येईपर्यंत हात लावायचा नाही. त्यासाठी उंची सांगणारा आणि चढताना बीप वाजवणारा व्हॅरिओ सेन्सर बसवला, साडेतीन हजार गेले, पण सगळ्या खर्चात सगळ्यात सार्थकी लागलेले पैसे हेच.

आणि एक गोष्ट नक्की करा, मला याचा फार उपयोग झाला. थंडीत सकाळी साडेसातला हवा थिजलेली असते, पान हलत नाही, तेव्हा साठ मीटरवरून सरळ सोडून बघा किती वेळात खाली येतो. माझा पावणेदोन ते दोन मिनिटांत येतो, पाच-सहा वेळा मोजलं. हा झाला कोरा आकडा. मग दिवसा जे काही दोन मिनिटांच्या वर मिळेल ते हवेने दिलेलं. वहीत प्रत्येक उड्डाणाला दोन आकडे लिहिते, मोटर किती सेकंद आणि एकूण किती मिनिटं. जानेवारीत बहुतेक ठिकाणी तीन-चार मिनिटं दिसतायत, फेब्रुवारीच्या शेवटाला आठ-दहा, आणि १६ मार्चला तेवीस सेकंद मोटर आणि चौतीस मिनिटं. ते पान मी मुलाला तीन वेळा दाखवलं असेल.

थर्मल कळतं कसं, तर आधी शेपूट किंचित उचलली जाते, किंवा एक पंख आपोआप वर होतो. गंमत अशी की पंख वर उचलला की विमान उलट्या बाजूला, म्हणजे थर्मलपासून लांबच वळतं, म्हणून लगेच उचललेल्या पंखाच्या दिशेने वळायचं. सुरुवातीला हात नेमका उलटं करतो. मग सैल गोल मारायचा, बीप जिकडे जोरात वाजते तिकडे गोल सरकवत न्यायचा, आणि अख्खं थर्मल वाऱ्याबरोबर वाहत असतं त्यामुळे गोल पण वाहत जातो, तिथे कुठवर जायचं आणि कधी सोडून परत फिरायचं हे ठरवणं हा या सगळ्या खेळाचा जीव आहे. आपल्या अंगाला पण कळतं, उभे आहोत तिथे वारा अचानक पडतो किंवा मागून यायला लागतो, म्हणजे आसपास काहीतरी उठतंय आणि हवा तिकडे ओढली जातेय.

एप्रिलमधे मात्र एकदा घाबरले. दुपारी दोनची वेळ, लांब रानात वावटळ उठलेली दिसत होती तरी मी उडवलं, ते करायला नको होतं. थर्मल इतकं जोरात होतं की साठवरून शंभर मीटर व्हायला मिनिटसुद्धा लागलं नाही. मी ११० ला अलार्म लावून ठेवलाय, तो वाजला, आणि तीन चॅनलच्या ग्लायडरला स्पॉयलर नसतात त्यामुळे खाली आणायला ब्रेकच नाही. नाक जरा जास्त दाबलं तर वेग वाढून पंख फडफडल्याचा आवाज खालपर्यंत आला. लगेच हळूच सरळ केला, आणि गोल मोडून सरळ वरच्या अंगाला काढला, कारण थर्मलच्या भोवतीची हवा खाली बसत असते. तिथे तो आपोआप उतरला. गरगर भोवरा मारत खाली आणायचा मोह होतो, पण फोमच्या पंखाला तो ताण झेपेलच असं नाही. त्यानंतर एप्रिल-मेमधे मी अकराच्या आतच आवरतं घेतलं.

आता वस्तू म्हणून टिकला कसा ते. १६८ उड्डाणं झालीत. पंखातला कार्बनचा रॉड एकदम सरळ आहे. पोटाला खडे लागून फोम सोलला गेला होता, तिथे जाड टेप लावलाय. एलेव्हेटर हलवणारी छोटी नऊ ग्रॅमची मोटर, म्हणजे सर्व्हो, पाचव्या महिन्यात खरखर करायला लागली, दात झिजले होते, लगेच बदलली, उडण्याआधी काठी सावकाश हलवून कान लावायची सवय ठेवा. फोम चिकटवायला ईपीओवर साधा सीए ग्लू (सुपरग्लू) चालतो, पण काही स्वस्त मॉडेलं ईपीएसची म्हणजे थर्माकोलची असतात, त्यावर साधा सीए टाकलात तर फोम विरघळतो, त्याला फोम-सेफ वालाच लागतो. बंद गाडीत उन्हात ठेवू नका, मी मेमधे एकदाच तासभर ठेवला तर डाव्या पंखाला पीळ पडला, सरळ उडेना, मग कोमट पाणी आणि हाताने हळूहळू दाबून दोन दिवसांत सरळ केला.

सीजी, म्हणजे विमान जिथे तोललं जातं तो बिंदू, मॅन्युअलमधे दिलाय तो नवशिक्यासाठी नाकाला जड ठेवलेला होता. आधी तसाच उडवा, पण महिनाभराने बॅटरी चार-पाच मिलिमीटर मागे सरकवून बघा. तपासायचं असं की उंचावर नाक थोडं खाली करून काठी सोडून द्यायची, झटकन वर उसळला तर नाक जड आहे, आणखीनच खाली घुसायला लागला तर शेपूट जड, आणि सावकाश आपला सरळ होत आला की जमलं. माझा सीजी बदलल्यावर हलक्या हवेतसुद्धा शेपटीची हालचाल दिसायला लागली, आधी ती कळतच नव्हती.

बॅटरी तीन सेलची २२०० एमएएचची. एका चढाईला जेमतेम शंभर एमएएच जातात, म्हणजे एका चार्जमधे आरामात दहा चढाया करून परत यायचं. तक्रार एकच आणि ती माझ्या निष्काळजीपणाची आहे, यातली एक बॅटरी (या लायपो म्हणजे लिथियम-पॉलिमर असतात) फुल चार्ज करून महिनाभर तशीच ठेवली आणि ती फुगली. वापरायची नसेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून ठेवायची, आता कॅलेंडरवर लिहून ठेवते.

ग्लायडरचा पांढरा रंग मला अजिबात आवडत नाही. ढगासमोर तो दिसतच नाही, आणि दिसेनासा झाला की गेलाच समजा. पंखांच्या खालच्या बाजूला मी काळ्या टेपचे चार रुंद पट्टे मारलेत, वर नारिंगी. हे कंपनीनेच करून द्यायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

गावामागच्या पश्चिमेकडच्या टेकडीवर तीन संध्याकाळी नेला होता, तिथे वारा उतारावर आदळून वर उचलला जातो आणि थर्मल नसलं तरी कितीही वेळ राहता येतं. पण उतरायला काठाच्या मागे गेलं की तिथली हवा उलटीसुलटी फिरत असते, तिथे एकदा खाडकन आपटला. मला रानातलंच जास्त आवडतं.

गच्चीवरून किंवा सोसायटीच्या मैदानात उडवायचा विचार असेल तर हा घेऊ नका, याला किमान दोन-तीन एकर मोकळं लागतं आणि तिथवर जायची तयारी लागते. मुलांना घेऊन करायचा असेल तर जरूर घ्या. माझा अकरा वर्षांचा आहे, त्याचं काम वही आणि घारी, कुठे घार दिसतेय ते तो ओरडून सांगतो आणि मग आम्ही तिकडे नेतो. मेच्या शेवटच्या रविवारी मी पहिल्यांदा रेडिओ आबांच्या हातात दिला. त्यांनी काठीला हात लावला नाही, नुसतं धरून उभे राहिले, पण नांगरटीकडे बोट दाखवून म्हणाले, "आता न्हाई, थांब. घार अजून खालीच हाय." आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. मग ती उठली तेव्हा मुलाने हाताने सोडला, अठरा सेकंद मोटर, एकवीस मिनिटं. वहीतली शेवटची ओळ तीच आहे, अक्षर मुलाचं.