मास्टर सॉकेटलाच फिल्टर की प्रत्येक फोनला वेगळा?

युकेत घर जुनं असेल आणि ब्रॉडबँड अजून तांब्याच्या तारेवरून येत असेल तर हा प्रश्न पडतोच (मास्टर सॉकेट म्हणजे बाहेरची लाइन घरात जिथे पहिल्यांदा येते तो सॉकेट). प्रत्येक एक्स्टेंशनला (घरातल्या जादा फोन सॉकेटला) मायक्रोफिल्टर, म्हणजे फोनचा आवाज आणि ब्रॉडबँडचा सिग्नल वेगळा करणारी छोटी डबी, लावणं सोपं, स्वस्त, स्क्रूड्रायव्हरही लागत नाही, भाड्याच्या घरात तर हेच करा. पण एखादा फोन किंवा जुना अलार्म फिल्टरशिवाय राहिला की झालं, खरखर सुरू, नेट तुटणार, शिवाय घरभर फिरलेली वायर ब्रॉडबँडच्या सिग्नललाच लटकलेली राहते आणि त्यात ती सॉकेटच्या ३ नंबरच्या टर्मिनलवरची, जुन्या फोनची घंटी वाजवणारी तार म्हणजे गोंगाट पकडणारा अँटेनाच, ती तर काढूनच टाका, आताच्या फोनना लागत नाही.

घर स्वतःचं असेल तर मी फिल्टरवाली फेसप्लेटच (मास्टर सॉकेटवर बसणारं, आतच फिल्टर असलेलं झाकण) घेईन. एनटीई५ (मास्टर सॉकेटचा एक प्रकार) सॉकेटचा खालचा अर्धा भाग दोन स्क्रू काढले की निघतो, एक्स्टेंशन फिल्टरच्या पुढे २ आणि ५ नंबरच्या टर्मिनलवर जोडायचं, सिग्नल तिथेच वेगळा होतो. मागच्या ए-बी टर्मिनलना मात्र हात लावायचा नाही, ते ओपनरीचचं (लाइन सांभाळणाऱ्या कंपनीचं) काम! राउटर मास्टरपाशीच ठेवावा लागतो, हा एक वैताग, वरच्या खोलीत वायफाय पोचत नसेल तर इथरनेट ओढा.

फोन राउटरमधूनच चालणार असेल (डिजिटल व्हॉइस) तर दोन्हीवर पैसे घालू नका.