अर्ज भरलाय, बिनधास्त या

३० जानेवारी २०२५ हा दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी आमच्या घरात काहीच घडलं नाही. गुरुवार होता. ह्यांची अँजिओप्लास्टी होऊन तीन आठवडे झाले होते, घरात सगळ्यांसाठीच कमी मिठाचा स्वयंपाक चालू होता आणि माझी मुलगी सई सोफ्यावर मांडी घालून लॅपटॉपवर ब्रिटनमधल्या कंपन्यांना अर्ज पाठवत बसली होती. तिकडे रात्रीचे बारा वाजले तेव्हा आमच्या मुलुंडला पहाटेचे साडेपाच झाले होते आणि मी दूध तापवत होते. त्या मिनिटाला तिचा स्टुडंट व्हिसा संपला. त्याबरोबर शिक्षणानंतर दोन वर्षं ब्रिटनमध्ये नोकरी करण्याची संधीही गेली. आम्हाला पत्ताच नव्हता. आमच्या लेखी तिचा पुढच्या व्हिसाचा अर्ज २० नोव्हेंबरलाच गेला होता.

सुरुवातीपासून सांगते. मी महापालिकेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. सईचं इंजिनीअरिंग झाल्यावर तिला बाहेर एमएस्सी करायची होती. दादर पश्चिमेला, स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, साड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक कन्सल्टन्सी आहे. नाव लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. चालवणारा मराठी. आपला माणूस धंद्यात उतरलाय याचं मला कौतुक वाटलं होतं, हे आज लिहिताना ओशाळल्यासारखं होतं. २०२३ मध्ये त्याने लेस्टरमधल्या विद्यापीठात प्रवेश मिळवून दिला. आमच्याकडून एक पैसा घेतला नाही. अर्ज, पत्रव्यवहार, व्हिसाची कागदपत्रं, सगळं वेळच्या वेळी झालं. जाताना मी पेढे नेऊन दिले.

हा प्रामाणिकपणा कुठून आला होता ते मला फार उशिरा कळलं. परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात. मुलगी तिथे पोहोचली, फी भरली गेली, की त्याचे पैसे सुटतात. म्हणजे पहिल्या वेळी त्याचं आणि आमचं हित एकच होतं. शिक्षण संपल्यावरच्या व्हिसासाठी त्याला कमिशन देणारं कोणी नाही. तिथे पैसे काढायचे तर ते आमच्याच खिशातून. आम्ही मात्र पहिल्या वेळचा विश्वास तसाच दुसऱ्या वेळी घेऊन गेलो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचाच फोन आला. "मॅडम, सईचं पोस्ट-स्टडी वर्कचं बघायला हवं. उशीर नको." सईला विचारलं तर ती म्हणाली, "आई, ग्रॅज्युएट रूटचा अर्ज मी स्वतः करते. फोनवर होतो. माझ्याबरोबरची नाशिकची मुलगी स्वतःच करतेय." मी म्हटलं, राहू दे, एखादा रकाना चुकला तर दोन वर्षं जातील, माहीतगार माणसाला करू दे. हे मीच म्हटलं. दुसऱ्याकडून गृहपाठ करून आणला म्हणून कित्येक मुलांना मी वर्गात उभं केलंय.

हा ग्रॅज्युएट रूट आहे काय, ते आता मला पाठ आहे. ब्रिटनने तो १ जुलै २०२१ ला सुरू केला. तिथे पदवी किंवा मास्टर्स पूर्ण केलं की दोन वर्षं, पीएचडी केली की तीन वर्षं राहून काम करता येतं. हातात नोकरी असावी लागत नाही, कंपनीची स्पॉन्सरशिप लागत नाही, पुन्हा इंग्रजीची परीक्षा नाही, बँकेत अमुक इतकी शिल्लक दाखवायची नाही. उत्तीर्ण झाल्याचं विद्यापीठानेच तिकडच्या गृहखात्याला, म्हणजे होम ऑफिसला, कळवायचं असतं. ते झालं की स्टुडंट व्हिसा संपायच्या आत ऑनलाइन अर्ज करायचा. सईचा अर्ज करायचा होता त्या वेळी फी होती ८२२ पौंड, आणि आरोग्य अधिभार वर्षाला १०३५ पौंड, म्हणजे दोन वर्षांचे २०७०. एकूण २८९२ पौंड. तेव्हाच्या भावाने साधारण तीन लाख दहा हजार रुपये. हे पैसे अर्ज भरता भरताच सरकारी वेबसाइटवर कार्डाने जातात.

आमच्याकडून घेतले चार लाख साठ हजार. त्यातले दीड लाख "प्रोसेसिंग आणि लीगल व्हेटिंग" म्हणून कन्सल्टन्सीच्या खात्यात, त्याची छापील पावती मिळाली. उरलेले तीन लाख दहा हजार सरकारी फी म्हणून एका बाईंच्या बचत खात्यात, कारण "पौंडात भरायचं असतं, आमची फॉरेक्सची व्यवस्था त्यांच्याकडे आहे". त्याची पावती नाही. फीचा आकडा बरोबर सांगितला होता, त्यामुळे संशय आला नाही. सईने वेबसाइटवर ताडून पाहिला, जुळला, आणि आमचं समाधान झालं.

त्याचं सगळं बोलणं असंच होतं, नरो वा कुंजरो वा. प्रत्येक वाक्याचा पहिला अर्धा भाग खरा. अर्ज ऑनलाइन असतो हे खरं. "म्हणून आम्ही दादरहून भरतो" हे खोटं. अर्जदाराने स्वतःच्या फोनवर ॲप घेऊन ओळखपत्र स्कॅन करायचं आणि चेहरा दाखवायचा असतो. सईने त्याबद्दल विचारलं, तर म्हणाला, तुमचे बोटांचे ठसे त्यांच्याकडे आधीपासून आहेत, तेच वापरतात. ठसे पुन्हा वापरतात हेही खरंच आहे. मग तिच्याकडून व्हॉट्सॲपवर पासपोर्टचे फोटो आणि एक सेल्फी मागवून घेतला. विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारू का, असं तिने म्हटलं, तर उत्तर आलं की विद्यापीठ होम ऑफिसला रिपोर्ट करतं, उगाच विचारणा केली की फाइलवर शंका येते. रिपोर्ट करतं हे खरं. पण ते ती पास झाली हे कळवायला. आणि त्याच ऑफिसात असल्या अर्जांची मदत फुकट मिळते. त्याला नेमकी तीच खिडकी बंद करायची होती.

त्या वर्षी आणखी एक गोंधळ होता, तो त्याच्या पथ्यावर पडला. ब्रिटनची बीआरपी नावाची प्लॅस्टिकची ओळखपत्रं बंद होऊन सगळं ई-व्हिसावर जात होतं. त्यामुळे व्हिसा जानेवारीअखेरपर्यंत असूनही सईच्या कार्डावर ३१ डिसेंबर २०२४ हीच तारीख छापलेली. तिच्यासारख्या असंख्य मुलांच्या कार्डावर तशीच होती. "सिस्टिम बदलतेय, म्हणून निकालाला वेळ लागतोय" हे वाक्य आम्ही डिसेंबरभर ऐकलं. निकालाला आठ आठवड्यांपर्यंत वेळ लागतो हे सईने वाचलं होतं, त्यामुळे तेही पटलं. कार्ड नाही, स्टिकर नाही, हातात धरायला कागद नाही. नसलेला अर्ज लपवायला याहून चांगली वेळ कोणती?

४ जानेवारीला ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. सईने तिथूनच एजंटला फोन केला, अर्ज चालू असताना मी भारतात गेले तर चालेल ना? तो म्हणाला, "अर्ज भरलाय, बिनधास्त या. बाबांकडे बघा." ती ८ तारखेला मुंबईत उतरली.

आता नियम ऐका. ग्रॅज्युएट रूटचा अर्ज करताना माणूस ब्रिटनमध्ये असावा लागतो. आणि अर्ज केल्यावर निकाल लागेपर्यंत ब्रिटन आणि आसपासच्या आयर्लंडसारख्या ठरावीक भागाबाहेर गेलं, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. म्हणजे त्याने खरोखर अर्ज भरला असता, तरी त्याच्याच सल्ल्याने तो बाद झाला असता. आणि भरलेला नव्हता, तर ८ ते ३० जानेवारीमध्ये बावीस दिवस होते. तिचा स्टुडंट व्हिसा चालू होता. परत जाऊन एका संध्याकाळी अर्ज करता आला असता. मला चार लाख साठ हजारांपेक्षा हे बावीस दिवस जास्त जाळतात.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिकडच्या एका कंपनीने मुलाखतीनंतर तिच्याकडे शेअर कोड मागितला. काम करायचा हक्क आहे की नाही हे मालक त्या कोडवरून ऑनलाइन तपासतो. सईने एजंटकडे विचारणा केली. दोन दिवस फोन उचलला नाही, मग एक पीडीएफ आली. "अभिनंदन, व्हिसा झाला." सई आनंदाने ओरडली. मी चष्मा लावून वाचायला घेतलं, सवयच ती. लेस्टरचं स्पेलिंग जसं ऐकू येतं तसं लिहिलेलं. त्या गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधली तीन अक्षरं मुकी आहेत, ते मी वर्षभर पार्सलांवर लिहून पाठ केलं होतं. आणि मुदत तीन वर्षांची. मी म्हटलं, सई, तू पीएचडी कधी केलीस?

तिने नाशिकच्या मैत्रिणीला फोन लावला, स्पीकरवर. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "पण तू तर मुंबईत आहेस ना?" लेस्टरला दोघी एकाच घरात राहायच्या. त्या मुलीने नोव्हेंबरमध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत स्वयंपाकघरातल्या टेबलावर स्वतःचा अर्ज भरला होता. फी भरल्यावर तिच्या ईमेलवर लगेच पोच आली होती. सईच्या ईमेलवर कधी काही आलंच नव्हतं, कारण एजंटने सांगितलं होतं की पत्रव्यवहार आमच्या ईमेलवर येतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दादरला गेलो. चहा आला. तो गडबडला वगैरे काही नाही. म्हणाला, टेक्निकल इश्यू झालाय, स्टाफ बदलला, पण मार्ग आहे. मार्ग असा, की तिकडची एक कंपनी नोकरीच्या व्हिसासाठी स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट देईल, बारा लाख, आधीचे साडेचार त्यातून वजा. हे सर्टिफिकेट विकणं बेकायदा आहे, आणि त्यावर गेलेली मुलं तिथे उतरल्यावर कंपनीच सापडत नाही म्हणून रडतात. पण लाज अशी की घरी येताना लोकलमध्ये मी पाच मिनिटं तरी हिशोब केला, बारातून साडेचार गेले की साडेसात, एफडी मोडली तर… सईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, नाही."

पोलिसांत तक्रार दिली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे पूर्वीचं चारसो बीस. दीड लाखांच्या पावतीवर "सल्लासेवा" असं लिहिलेलं, त्यामुळे सल्ला दिला की नाही यावर आता वाद चालणार. बाईंच्या खात्यातल्या तीन लाख दहा हजारांसाठी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे गेल्यावर काही तासांत कळवलं तर खात्यातच अडवून ठेवता येतात. आम्ही गेलो तीन महिन्यांनी, वरातीमागून घोडं. खातं रिकामं होतं.

त्याच्या भिंतीवर चौकटीत एक इंग्रजी प्रमाणपत्र होतं, ते विद्यार्थी भरतीच्या प्रशिक्षणाचं निघालं. ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा सल्ला देऊन पैसे घ्यायचे तर वकील तरी असावं लागतं, नाहीतर सरकारी नियामकाकडे नोंदणी लागते. त्या संस्थेला जानेवारी २०२५ पासून इमिग्रेशन ॲडव्हाइस अथॉरिटी म्हणतात, आणि नोंदणी असलेल्यांची नावं तिच्या वेबसाइटवर कुणालाही शोधता येतात. त्याचं नाव तिथे नाही हे कळायला मला दोन मिनिटं लागली. ती ऑक्टोबरमध्येही दोनच लागली असती.

तुमच्या घरी कोणी यंदा जात असेल किंवा शिकून संपवत असेल, तर आकडे आता बदललेत. एप्रिल २०२५ मध्ये फी ८८० पौंड झाली होती, आजची सरकारी वेबसाइटवर बघा. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना, पीएचडी सोडून, दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहेत. त्यामुळे "मुदत संपायच्या आत करून घ्या" असे फोन भरपूर येतील. मुदत खरी आहे. पुढचं वाक्य ऐकताना सावध असा.

सई सध्या ऐरोलीला नोकरी करते, कर्जाचा हप्ता तिच्या पगारातून जातो, आणि ती माझ्याशी या विषयावर कधी बोलत नाही. वडिलांना तर आपण दुखण्याने पोरीला बोलावून घेतलं असंच वाटतं. किती समजावलं तरी.

मागच्या महिन्यात पावतीची मूळ प्रत मागायला मी पुन्हा त्या जिन्यावरून वर गेले. बाहेरच्या बाकावर एक जोडपं बसलं होतं, मांडीवर प्लॅस्टिकची फाइल, बाई माझ्याच वयाच्या. मी विचारलं, कुठे आहे मुलगा? कोव्हेंट्री. पोस्ट-स्टडी? हो. किती सांगितले? पाच लाख. तेवढ्यात काउंटरवरची मुलगी उठली आणि मला म्हणाली, मॅडम, सर नाहीयेत, तुम्ही निघा. मी निघाले. अर्ध्या जिन्यात मागून चपलांचा आवाज आला.

"ताई, मुलगा म्हणतोय मीच करतो, फोनवर होतं म्हणून. खरंच होतं का?"

पर्समध्ये कोरा कागद नव्हता. त्याच्याच पावतीची झेरॉक्स काढली, तिच्या मागे सरकारी वेबसाइटचा पत्ता लिहिला, त्याखाली विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारायचं असं लिहिलं, आणि हातात दिली.